बसायचं वचन

…नाही हो, चोरीला कुठली जातेय! चोरीला गेली असती तर मी दोन दिवस हळहळलो असतो, शेजाऱ्यांनी 'अरेरे' केलं असतं, विषय संपला असता. माझी खुर्ची अटकेत आहे! अटकेत! सरकारी कचेरीत, भिंतीला पाठ लावून, पायाला चिठ्ठी बांधून, एखाद्या खिसेकापूसारखी जमा आहे बिचारी. वेताची खुर्ची हो! चांगल्या रुंद हातांची, वर कपबशी ठेवा, कलंडणार नाही. निवृत्त झालो त्याच आठवड्यात घेतली होती. तिचा वेत माझ्या मापानं असा काही खोलगट झाला होता, की दुसरं कुणी बसलं तर त्यालाच अवघडल्यासारखं व्हायचं, चुकून परक्याच्या घरात शिरल्यासारखं. अशी खुर्ची! आणि भांडण कुणाचं? तर साबणाच्या कारखान्याचं! मला सांगा, ह्यात माझ्या खुर्चीचा काय गुन्हा?

थांबा, नीट सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा भरकटला.

आमची ही… म्हणजे आमचं कुटुंब… साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. कितीतरी वर्षं. आमच्या घराला साबणाचा असा वास आहे, की नवीन पाहुणा आला की दारातच नाक वर करून म्हणतो, "आत्ताच अंघोळी आटोपल्या वाटतं?" काय सांगणार त्याला! आमच्या घरात बारा महिने चोवीस तास अंघोळ आटोपलेलीच असते. काम म्हणाल तर सोपं. सोपं म्हणजे, मला लांबून सोपं वाटायचं. पट्टा सरकत येतो, त्यावरून वडी येते, ती उचलायची, कागदात गुंडाळायची, डबीत सारायची, की पुढची वडी हजर. आणि हे सगळं उभ्यानं! मी पडलो कचेरीतला कारकून. उभी हयात मी बसून काढली. साहेब आला तरच उठायचो, आणि साहेबही समंजस होता, फारसा यायचा नाही. तर उभं राहणं म्हणजे काय, हे मला ठाऊकच नव्हतं. मला वाटायचं, माणूस उभं राहतं, त्यात काय, झाडंसुद्धा राहतात!

तर पूर्वी एकदा त्या पट्ट्यापाशी मोठी मावशी चक्कर येऊन पडली. ही मावशी म्हणजे हिची सख्खी मावशी नव्हे, पण हिला वडी गुंडाळायला तिनंच शिकवलं. कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई. तिला मागे-पुढे कुणी नाही, कारखाना हेच माहेर आणि तेच सासर. ती पडली, आणि थोरले मालक… तेव्हाचे मालक हो, भला माणूस… स्वतः पळत आले, तिच्या तोंडावर पाणी मारलं, आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत म्हणाले, "ज्यांनी माझ्याकडे दहा वर्षं उभ्यानं काढली, त्यांनी उरलेली नोकरी बसून करायची. दुपारी थोडा वेळ पाय वर करून पडायचं. हा माझा शब्द." आणि शब्द म्हणजे शब्द! पुढच्याच आठवड्यात उंच खुर्च्या आल्या. पाठीला टेकण, खाली पाय ठेवायला दांडी, बसल्या बसल्या हात बरोब्बर पट्ट्यावर. त्या दिवशी ही घरी आली ती गाणं गुणगुणत आली हो! मी घाबरलो. म्हटलं, हिला बरं नाही की काय?

वर्षं गेली. थोरले मालक थकले. मुलांना साबणात रस नाही… साबणाचे लोक, निसटायचेच! शेवटी त्यांनी कारखाना एका बड्या कंपनीला विकला. जाताना फाटकाशी सगळ्यांना जमवून म्हणाले, "कारखाना विकतोय, शब्द विकत नाही. करारातच लिहून घेतलंय. आहेत त्या सगळ्या सोयी नव्या मालकांनी चालू ठेवायच्या." फलकावर कागद लावला, घरोघर प्रत दिली. म्हणजे बघा, लेखी नव्हतं असं नाही. लेखी होतं, सही होती, शिक्का होता. कागदाला तोटा नव्हता. तोटा होता तो, वाचून लाज वाटणाऱ्या माणसाचा!

नव्या कंपनीनं पाठवले टायवाले साहेब. वयानं तरुण, आवाज लोण्यासारखा. पहिल्याच दिवशी सगळ्यांना उभं करून… हो, उभं करूनच… म्हणाले, (असं हात जोडून हां) "नमस्कार! आजपासून आपण कर्मचारी नाही. आपण एक परिवार आहोत!" हिनं घरी येऊन सांगितलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला. म्हटलं, अगं, परिवारात सगळ्यात आधी काय जातं ठाऊक आहे? बसायची जागा!

ही म्हणाली, "तुम्हाला सगळ्यात खोटच दिसते."

आणि मग एका सोमवारी ह्या सगळ्या कामावर गेल्या, तर खुर्च्या गायब! पट्ट्यापाशी जमिनीवर काय? तर चटया. काळ्या, रबरी, नव्या कोऱ्या. आणि भिंतीवर एक चित्र… चटईवर एक बाई उभी, सगळे दात दाखवून हसतेय. मावशी म्हणाली, "ही हसतेय कारण हिचा फोटो काढून हिला घरी सोडलंय."

टायवाले साहेब आले. "ही थकवाहारी चटई आहे! आधुनिक! हिच्यावर उभं राहिलं की थकवा येतच नाही."

ही म्हणाली, "साहेब, पण आमच्या खुर्च्या?"

"ताई, करारात काय म्हटलंय? सोयी चालू राहतील, किंवा समतुल्य सोयी दिल्या जातील. ही समतुल्य आहे."

समतुल्य! तुम्हाला सांगतो, त्या दिवसापासून आमच्या घरात ह्या शब्दानं उच्छाद मांडला. मी चहात साखर कमी घातली की ही म्हणायची, "समतुल्य आहे वाटतं?" मी भाजी आणायला विसरलो आणि कालची पुढे केली, "समतुल्य का?" अहो, मी काय केलं होतं!

बरं, ही तशी गरीब. गरीब म्हणजे भांडखोर नाही ह्या अर्थानं. हिनं साहेबांना शांतपणे विचारलं, "ही चटई खुर्चीच्या बरोबरीची ना?" साहेब म्हणाले, "अगदी!" "मग खुर्चीवर जे करता येतं ते हिच्यावर करता आलं पाहिजे." असं म्हणून ही बसली! चटईवर! मांडी घालून! हिच्यामागोमाग मावशी बसली, मग पलीकडची, तिच्या पलीकडची, सगळ्या ओळीनं बसल्या. पट्टा चाललाय डोक्यावरून, वड्या येतायत, उचलणारं कुणी नाही, वड्या पुढे, टोकाला जाऊन टपाटप खाली… जमीन झाली गुळगुळीत, साहेब "उठा, उठा" म्हणत धावले आणि… नाही, पडले नाहीत, पण नाचले मात्र! ही सांगते, इतका चांगला नाच तिनं कुठे बघितला नाही.

हसताय तुम्ही. मीही हसलो. पण मग संध्याकाळ व्हायची ना… ही घरी यायची, दाराच्या चौकटीला धरून थोडा वेळ उभी राहायची, कारण पायरी चढायला पाय उचलायचा नाही. पावासारखे फुगलेले पाय. पोटऱ्यांवर निळ्या शिरा, नकाशातल्या नद्यांसारख्या. मी तेल कोमट करून चोळायला बसायचो.   एक दिवस न राहवून म्हटलं, "अगं, सोड ती नोकरी. काय अडलंय आपलं?"

ही म्हणाली, "अहो, मी सोडीन हो. मावशी काय करील? ती राजीनामा लिहून बसलीय. म्हणते, उभं राहवत नाही, आता पडण्याआधी गेलेलं बरं. घरी जाऊन भिंतीशी बोलणार का ती? आणि मी सोडलं की संपलंच. वचन काय माझ्या एकटीला दिलं होतं?"

मी तेल संपेपर्यंत चोळत राहिलो.

मग ह्या सगळ्या बायकांनी अर्ज केला कामगार कचेरीत. कंपनीच्या मोठ्या कचेरीत फोन पण लावून झाला होता म्हणा. तिथं आधी वाजंत्री वाजते, मग एक गोड बाई म्हणते, "आपली तक्रार आमच्यासाठी अत्यंत मोलाची आहे," आणि परत वाजंत्री! इतकी मोलाची, की जपून ठेवतात, कुणाला दाखवत नाहीत. तर कामगार कचेरीनं सुनावणीची तारीख दिली. लांबची. तारखेपर्यंत उभं कोण राहणार?

आणि एका सकाळी मी चहाचा कप घेऊन माझ्या खुर्चीकडे वळलो… तर खुर्ची दारात! आणि तिच्या एका बाजूला ही, दुसऱ्या बाजूला रिक्षावाला!

"अगं, हे काय?"

"घरून खुर्ची न्यायची ठरलंय. प्रत्येकीनं आपापली."

"पण माझीच का? स्वयंपाकघरातलं स्टूल ने!"

"त्याला पाठ कुठाय? करारात पाठीची खुर्ची आहे."

"अगं, ही बुटकी आहे, पट्ट्यापर्यंत हात कसा पोचेल?"

"खाली दोन खोकी ठेवीन. साबणाच्या कारखान्यात खोक्यांना काय तोटा?"

बघा, म्हणजे मुद्देसूद! गेली. रिक्षात खुर्ची उलटी, चारी पाय आकाशात, माझ्याकडे बघत बघत गेली हो. मला सांगा, ह्यात माझ्या खुर्चीचा काय गुन्हा?

फाटकाशी काय मिरवणूक जमली असेल! एकीनं अंगणातली लोखंडी आणलीय. एकीचा नवरा न्हावी, तिनं दुकानातली गोल फिरणारी आणलीय, पायानं दाबलं की वर जाणारी. एकीला काही मिळेना, तिनं सासूबाईंची आजारपणातली, मधे भोक असलेली उचलून आणली! आणि मावशीनं आपली घडीची, तिचा एक पाय सुतळीनं बांधलेला. पहारेकरी म्हणाला, "आत न्यायला परवानगी नाही." ही म्हणाली, "दादा, पाटीवर काय लिहिलंय? कारखान्यातली वस्तू बाहेर नेऊ नये. बाहेरची आत आणू नये असं कुठाय?" तो बिचारा पाटी वाचत राहिला, आणि ह्या आत! आणि त्या दिवशी, तुम्हाला सांगतो, काम नेहमीपेक्षा चांगलं झालं. न्हाव्याची बायको तर फिरून फिरून दोघींचं काम करत होती!

पण जेवायच्या सुट्टीत टायवाले साहेब आले, आणि सगळ्या खुर्च्या उचलून कोठारात, बाहेरून कुलूप! कारण काय? "अनधिकृत फर्निचर!" अनधिकृत! माझी खुर्ची, पावतीसकट घेतलेली! मी निवृत्त माणूस, त्या दिवसापासून पलंगाच्या काठावर बसून चहा प्यायलो. पलंगावर बसलं की चहा प्यायल्यासारखं वाटतच नाही, आजारी पडून काढा घेतल्यासारखं वाटतं.

आली एकदाची तारीख. मीही गेलो. पाठिंबा म्हणून… बरं, खुर्चीला भेटायला म्हणून! कामगार अधिकारी बाई, चष्मा नाकाच्या टोकावर, सर्दीनं बेजार, रुमाल हातातून सुटत नाही. आवाज इतका हळू की सगळं दालन श्वास रोखून ऐकतंय. एका बाजूला ह्या बायका, दुसऱ्या बाजूला कंपनीचे वकील आणि टायवाले साहेब. वकिलांनी सोबत नमुन्याला चटई आणलेली, आणि 'अनधिकृत फर्निचर' म्हणजे काय ते दाखवायला कोठारातली एक खुर्ची. कुणाची खुर्ची? एवढ्या ढिगातून उचलावी कुणाची? अहो, माझी!

वकील उठले. त्यांचा आवाज असा, नाकातून. "महोदया, समतुल्य ह्या शब्दाचा अर्थ, समान मूल्याचे. खुर्चीचा उद्देश काय? थकवा कमी करणे. चटईचा उद्देश काय? थकवा कमी करणे. म्हणून खुर्ची बरोबर चटई."

बाईंनी नाक पुसलं. मावशीला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

मावशी उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूच. म्हणाली, "बाई, मी पडले म्हणून त्या खुर्च्या आल्या होत्या. आता परत पडून दाखवू का?"

एवढंच बोलली. खाली बसली. माझ्या शेजारी ही होती, तिनं माझा हात असा घट्ट धरला की बोटं पांढरी पडली. माझी. तिची नव्हे.

बाईंनी टायवाल्या साहेबांकडे बघितलं. "तुमच्या मते चटई खुर्चीइतकीच चांगली?"

"हो मॅडम. किंबहुना अधिक!"

"छान. मग वकीलसाहेब, चटई अंथरा. साहेब, सुनावणी संपेपर्यंत तुम्ही तिच्यावर उभे राहा. टेकायचं नाही हां, पट्ट्यापाशी टेकायला काही नसतं ना?"

झालं! साहेब उभे राहिले. आधी ताठ, झेंड्याच्या काठीसारखे. वकील वाचतायत. समतुल्यची व्याख्या, मग व्याख्येची व्याख्या, मग दुसऱ्या कुठल्या खटल्यात कुठल्या न्यायाधीशांनी समतुल्यला काय म्हटलं होतं ते. वाचतायत, वाचतायत… बाई ऐकतायत, शिंकतायत, "पुढे वाचा" म्हणतायत. साहेबांनी उजव्या पायावर भार घेतला. मग डाव्या. मग बगळ्यासारखा एक पाय उचलला. टाय सैल केला… जसा काही टायमुळे पाय दुखत होता! कपाळावर घाम. आणि वकिलांना ह्याचा पत्ताच नाही, ते आपले नाकातून गंगेसारखे वाहतायत. आणि तुम्हाला सांगतो, वकिलांनी पान उलटलं, सगळ्यांचं लक्ष तिकडे, आणि साहेब… बेसावधपणे हो, झोपेत माणूस कूस बदलतो तसे… मागे सरकले, हात मागे गेला, वेताचा हात हाताला लागला, आणि ते बसले. माझ्या खुर्चीत. आणि बसल्यावर तोंडातून काय निघावं?

"हुश्श…!"

 वकिलांचं पान अर्ध्यात थांबलेलं. साहेब ताडकन उठले, लाल झालेले. "सॉरी मॅडम, चुकून…"

बाई कारकुनाकडे वळल्या. "लिहून घ्या."

कारकून म्हणाला, "काय लिहू?"

"ते आत्ता म्हणाले ते. हुश्श."

कारकून लेखणी वर धरून विचारतो, "उकार ऱ्हस्व की दीर्घ?"

बाई म्हणाल्या, "त्यांच्या पायांना विचारा!"

असा हशा पिकला म्हणता! वकीलसुद्धा हसले, आणि हसले तर नाकातून नाही हसले, चांगले पोटातून हसले. एक हिनं मात्र हसणं आवरलं. ही उठली, कोपऱ्यातल्या माठातून पेलाभर पाणी घेतलं, आणि त्या साहेबांना नेऊन दिलं. म्हणाली, "घ्या. पाय भरून आले ना? येतात. पहिल्या दिवशी सगळ्यांचे येतात." साहेबांनी पेला एका दमात रिकामा केला. मग अगदी हळू म्हणाले, "ताई, पोटरीत गोळाच आलाय हो." ही म्हणाली, "घरी गेल्यावर तेल लावा. कोमट करून. आमचे हे लावतात, त्यांना विचारा." आणि भरल्या दालनात मला काय सल्ला द्यायची वेळ आली! दिला. तेल किती कोमट ते सांगितलं. काय करणार, माणसाचा पाय तो, टायवाल्याचा असो की बिनटायवाल्याचा.

बाईंनी निकाल दिला. मालक बदलला म्हणून शब्द बदलत नाही. आणि एखादी सोय समतुल्य आहे की नाही, हे ती वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही. होत्या तशा उंच खुर्च्या परत द्या, दुपारची विश्रांती परत द्या. बस्स! साहेबांनी खुर्च्या आणवल्या, आणि मावशीची खुर्ची म्हणे स्वतः उचलून पट्ट्यापाशी मांडली. मावशी बसली. बसली आणि कितीतरी वेळ तिनं वडीच उचलली नाही. नुसता खुर्चीच्या हातावरून हात फिरवत होती. समोरून वड्या निघून चालल्या होत्या, हिनं आणि शेजारणीनं आपापसात वाटून घेतल्या.  साहेबांनीही बघून न बघितल्यासारखं केलं. राजीनामा मावशीनं फाडला म्हणाल, तर तसं नाही. त्याच्या पाठीमागे तिनं किराण्याची यादी केली, काटकसरी बाई!

सगळ्यांच्या खुर्च्या घरी गेल्या. न्हाव्याची गेली, सासूबाईंची गेली. माझी? माझी पुरावा! मी आणायला गेलो कचेरीत, तर भिंतीशी माझी खुर्ची, आणि तिच्यात शिपाई. पाय पसरून. म्हटलं, "अहो, ही माझी खुर्ची."

"पुरावा आहे. कंपनीची वर अपील करायची मुदत संपेपर्यंत हलवता येत नाही. सांभाळावा लागतो."

"बसून सांभाळता?"

"उभ्यानं किती वेळ सांभाळणार, साहेब? तुम्ही होता ना सुनावणीला?"

आता बोला! वरनं म्हणतो, "छान खुर्ची आहे. आधी जरा खोलगट वाटायची, आता बसतेय माझ्या अंगाला."  मला सांगा, ह्यात माझ्या खुर्चीचा काय गुन्हा?

आणि एवढ्यावर भागलं असतं तरी मी म्हटलं असतं, जाऊ दे, हिच्या पायांची सूज तर उतरली. उतरलीच! निळ्या नद्या आटल्या. पण त्यातनं निघालं नवंच. पूर्वी कशी, घरी आली की पलंगावर आडवी, मी शेजारी, गप्पा, निवांत संध्याकाळ. आता घरी येते ती टवटवीत! चपलासुद्धा काढत नाही! म्हणते, "अहो, दिवसभर बसून बसून अंग आखडलं. चला, टेकडीपर्यंत जाऊन येऊ!" टेकडीपर्यंत! रोज! ही पुढे भराभर, मी मागे धापा टाकत. काल वळणावर मला गाठायला थांबली, वाऱ्यानं केस उडतायत, गाल लाल, आणि तुम्हाला सांगतो, लग्नात दिसली होती त्याहून छान दिसत होती. मी सांगितलं नाही तिला. दमच नव्हता बोलायला!

शेवटी परवा म्हटलं, "अगं, माझ्यासाठी एक नवी खुर्ची तरी घेऊ या. मलाही जरा बसू दे की संध्याकाळचं."

तर ही म्हणते कशी, "तुम्हाला? तुम्हाला कुणी वचन दिलं होतं?"